फाळक्यांचा कारखाना: घरातून उभा राहिलेला चित्रपटधंदा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित होते आणि पुढे त्यांनी मुंबईत संस्कृतचे अध्यापन केले. पुराणकथा, श्लोक आणि देवादिकांच्या गोष्टी धुंडिराजांना घरातूनच मिळाल्या. चित्रकलेची, मातीकामाची आणि नाटकाची ओढ मात्र त्यांची स्वतःची होती. हेच फाळके पुढे दादासाहेब फाळके या नावाने भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखले गेले. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणे ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कामगिरी. तिच्याइतकेच मोठे काम म्हणजे चित्रपट बनवण्याचा सगळा व्यवसाय त्यांनी आपल्या घरात, आपल्या माणसांच्या हातांनी उभा केला. कथा, वेश, देखावे, चित्रण, फिल्म धुणे, छपाई, जाहिरात आणि गावोगावचे खेळ यांतले एकही अंग त्यांनी परक्यावर सोडले नाही. या घरगुती कारखान्यात त्यांचे बळ होते आणि पुढे आलेल्या अडचणींचे मूळही त्यातच होते.

अनेक कलांची शिदोरी

1885 मध्ये फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे ते थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले आणि तेथील कलाभवनात त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुरेखन आणि छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यातली ही संस्था कला आणि उद्योग एकत्र शिकवण्यासाठी नावाजलेली होती. कलाभवनाच्या या शिस्तीत फाळके नुसते चित्रकार न राहता यंत्र उघडून पाहणारे कारागीर झाले. नंतर रतलामला जाऊन त्यांनी तीन रंगांचे ठसे तयार करण्याचे आणि अंधारखोलीतले काम शिकून घेतले.

गोध्र्याला त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय सुरू केला. तिथे प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दगावले, तेव्हा ते गाव त्यांनी सोडले. याच काळात जादूचे प्रयोग करणारा कार्ल हर्ट्झ भारतात आला होता. त्याच्याकडून हातचलाखी शिकून फाळके ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे खेळ करू लागले. आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी फिरवून त्यांनी हे नाव घेतले होते. वस्तू एकाएकी नाहीशी करणे, माणूस हवेतून प्रकट करणे या खेळांमुळे प्रेक्षकांची नजर कशी बांधायची हे त्यांना कळले. पुढे पडद्यावर देव प्रकट करताना ही विद्या कामी आली.

1902 मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी गिरिजा करंदीकर यांचे सासरचे नाव सरस्वती. 1903 मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात रेखाकार आणि छायाचित्रकार म्हणून रुजू झाले. वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ जोरात आली आणि सरकारी चाकरीत त्यांचे मन रमेना. नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला ठसे कोरण्याचा आणि छपाईचा छापखाना काढला. जवळच मळवलीला राजा रविवर्म्यांच्या चित्रांचा छापखाना होता आणि त्याचे कामही फाळके यांच्याकडे येत असे. छापील चित्रांमधून घरोघरी पोचलेल्या देवदेवतांची ठेवण, दागिने, वस्त्रांच्या चुण्या आणि उभे राहण्याची ढब त्यांच्या हाताखालून रोज जात होती. पुढे छापखाना दादरला आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी 1909 मध्ये फाळके जर्मनीला जाऊन आले. धंदा वाढत असतानाच भागीदारांशी मतभेद झाले आणि स्वतः उभारलेल्या छापखान्यातून ते बाहेर पडले. भागीदारीचे वावडे त्यांना आयुष्यभर पुरले.

पडद्यावरचा ख्रिस्त

छापखाना सुटल्यानंतरच्या रिकाम्या दिवसांत गिरगावातल्या ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहिला. तो पाहताना डोळ्यांपुढून राम आणि कृष्ण सरकू लागले, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत लिहिले आहे. पत्नीला घेऊन ते तोच चित्रपट पुन्हा पाहायला गेले. हिंदुस्थानच्या देवांची चित्रे हिंदी माणसांनी, हिंदी भांडवलावर पडद्यावर आणायची हा निश्चय तिथेच झाला. लोकांच्या मनातली स्वदेशी तेव्हा कापड, साखर आणि काडेपेटी यांभोवती फिरत होती. फाळके यांनी तिच्यात चित्रपट आणून बसवला.

हिंदुस्थानात हलती चित्रे त्याआधीच आली होती. 1896 मध्ये मुंबईत ल्युमिए बंधूंच्या चित्रांचे खेळ झाले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी 1899 मध्ये कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ 18 मे 1912 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दाखवला गेला. ते रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते आणि त्यावरची पुढची प्रक्रिया विलायतेत झाली. फाळके यांना चित्रणापासून छपाईपर्यंतचे सगळे काम इथेच व्हायला हवे होते.

मग त्यांनी अभ्यासाला वाहून घेतले. रात्री उशिरापर्यंत खेळ पाहणे, स्वस्तातली फिल्म आणि यंत्रे घेऊन घरी प्रयोग करणे, पुस्तके वाचणे असा क्रम चालला. या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली होती. उपचारांनी ती परत आली. त्यानंतर विम्याच्या पॉलिसीवर दहा हजार रुपये कर्ज काढून 1 फेब्रुवारी 1912 रोजी त्यांनी विलायतेचा प्रवास सुरू केला.

लंडनमध्ये त्यांची ओळख कोणाशीच नव्हती. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या फलकावरचे नाव पाहून ते थेट त्याच्या कचेरीत शिरले. संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, मग चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवले. हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत फाळके यांना सगळी खाती पाहायला मिळाली. परतताना पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडायचे यंत्र आणि कच्च्या फिल्मची व्यवस्था एवढे साहित्य त्यांनी घेतले. हिंदुस्थानच्या चित्रपटधंद्याची सुरुवात एवढ्याच साहित्यावर झाली.

वाटाण्याचा वेल आणि घरचा कारखाना

मुंबईत आल्यावर 1 एप्रिल 1912 रोजी ‘फाळके फिल्म कंपनी’ची स्थापना झाली. मोठ्या चित्रपटाला सावकार पैसे देईना, म्हणून फाळके यांनी त्याला एक छोटा प्रयोग करून दाखवायचे ठरवले. एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर पक्का बसवला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत गेले. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटा-दोन मिनिटांत घडली. जमीन फोडून अंकुर वर आला, पाने उलगडली आणि वेल आधाराला वेटाळत चढला. ‘अंकुराची वाढ’ या नावाचा हा लघुपट पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी घरातल्या चीजवस्तूंच्या तारणावर कर्ज दिले. सरस्वतीबाईंचे दागिनेही याच कामी गेले.

दादरच्या मुख्य रस्त्यावरचा बंगला हाच स्टुडिओ झाला. आवारात मंडप घालून सूर्यप्रकाशात चित्रण चाले. स्वयंपाकघराशेजारी फिल्म धुण्याची सोय होती आणि खोल्यांमध्ये कपडे, मुकुट, दाढ्यामिशा आणि रंगांचे डबे रचलेले असत. चित्रपटात काम करणे त्या काळी हलके मानले जाई. त्यामुळे ‘कुठे काम करता?’ असे कोणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात’ असे सांगा, अशी सूचना फाळके यांनी आपल्या माणसांना दिली होती.

या कारखान्यातला मोठा भार सरस्वतीबाईंवर होता. कंपनीतले सगळे त्यांना काकी म्हणत. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड पाडत, रसायने मिसळून देत आणि रात्री घरातली निजानीज झाल्यावर फिल्मला भोके पाडायला बसत. फिल्म तेव्हा कोरी येत असे आणि तिच्या दोन्ही कडांना भोके पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात चढत नसे. एका फुटात 16 चित्रे आणि प्रत्येक चित्राला दोन्ही बाजूंनी चार-चार भोके, म्हणजे फुटामागे भोकांच्या 64 जोड्या. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी 3,700 फूट होती. एका प्रतीसाठीच दोन लाखांहून जास्त जोड्या पाडाव्या लागल्या, त्याही मंद लाल उजेडात चाचपडत. एखादे भोक जरा तिरपे पडले की पडद्यावर चित्र थरथरे. फाळके यांनी हे काम काकींवर निःशंकपणे सोपवले होते.

पात्रे मिळवणे त्याहून अवघड होते. तारामतीच्या भूमिकेसाठी वर्तमानपत्रांत जाहिराती देऊनही कुलीन घरातली एकही स्त्री पुढे आली नाही आणि कलावंतिणींच्या वस्तीतूनही नकारच आला. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके हा सडपातळ बांध्याचा तरुण फाळके यांच्या नजरेत भरला. खाणावळीत त्याला महिना दहा रुपये मिळत. फाळके यांनी पंधरा देऊन त्याला तारामती केले. हरिश्चंद्राचे काम दत्तात्रय दामोदर दाबके यांनी केले, विश्वामित्राचे गजानन वासुदेव साने यांनी, तर रोहिदासाचे काम फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केले. कॅमेरा त्र्यंबक तेलंग चालवत. फाळके यांनी हे काम त्यांना स्वतः शिकवले होते. स्त्रीपात्रे करणाऱ्या पुरुषांनी मिशा काढायला नकार दिल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. बाप असताना मिशी उतरवणे अशुभ मानले जाई, त्यामुळे वडीलधाऱ्यांची समजूत घालणे हाही दिग्दर्शकाच्या कामाचा भाग झाला.

बाहेरचे चित्रण वांगणीला झाले. राजवेशातले, हातात तलवारी घेतलेले लोक रानात दिसताच गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. फाळके यांनी कॅमेरा आणि चित्रण दाखवल्यावरच मंडळींची सुटका झाली. हलत्या चित्रासाठी माणसे रानात जाऊन सोंगे घेतात ही गोष्ट तेव्हा कोणी ऐकलेली नव्हती.

3 मे 1913

सहा महिने आणि 27 दिवसांत चित्रपट पुरा झाला. 21 एप्रिल 1913 रोजी ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि शनिवार 3 मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी खुला झाला. एकटा चित्रपट लोकांना ओढून आणेल याची तेव्हा खात्री नसे. त्यामुळे त्याच्या जोडीला नाचगाणे, विनोदी नकला आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचा खेळ ठेवला होता. प्रेक्षक मात्र हरिश्चंद्रासाठी आले आणि ठरलेल्या मुदतीनंतरही खेळ वाढवावे लागले.

सुरतेला पहिल्या खेळाचा गल्ला जेमतेम तीन रुपये भरला. नाटक सहा-सहा तास चालते आणि चित्रपट तासाभरात संपतो, मग पैसे कशाचे द्यायचे, असा तिथल्या लोकांचा हिशेब होता. फाळके यांनी त्याच हिशेबाला धरून जाहिरात काढली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर फक्त तीन आणे! त्यानंतरच्या खेळाला गर्दी लोटली आणि गल्ला तीनशेपर्यंत गेला, अशी आठवण सांगितली जाते. मैलांचा आकडा फुगवलेला होता, पण चित्रांचा नव्हता. 3,700 फुटांत सोळाच्या हिशेबाने साधारण तितकीच चित्रे मावतात.

‘राजा हरिश्चंद्र’ची आज उपलब्ध असलेली पहिली आणि शेवटची रिळे 1917 मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात राजा आपल्या मुलाला धनुर्विद्या शिकवतो आणि राणी जवळ बसून पाहते. चौकटीत माणसे अशी बसवली आहेत की रविवर्म्याचे चित्रच हलू लागल्यासारखे वाटते. पुढे विश्वामित्राच्या यज्ञात तीन शक्ती ज्वाळांमध्ये अडकतात आणि राजा त्यांना सोडवतो. शेवटच्या रिळात तारामतीवर उगारलेली तलवार शंकर प्रकट होऊन थांबवतो. कॅमेरा थांबवून, पात्र आणून उभे करून पुन्हा फिरवण्याची किंवा त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा चित्र घेण्याची युक्ती इथे आहे. जादूगार केळफा आणि छापखान्याचे फाळके यांची कामे या एका दृश्यात एकत्र आलेली दिसतात.

नाशिकचे पर्व

1913 मध्येच फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. गोदेचे घाट, देवळे, वाडे, भोवतालचे डोंगर आणि भरपूर ऊन यांमुळे पुराणकथांना लागणारे सगळे देखावे तिथे हाताशी होते. जन्मगाव त्र्यंबकही जवळ होते. सह्याद्रीच्या याच पट्ट्यात, नाशिकपासून सुमारे 70 किलोमीटरवर, भंडारदऱ्याला प्रवरा नदीवरच्या धरणाचे काम 1910 पासून चालू होते. दगडी बांधकामाचे ते प्रचंड धरण सरकारी तिजोरीतून आणि सरकारी अभियंत्यांच्या देखरेखीखाली 1926 मध्ये पूर्ण झाले आणि मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. त्याच सोळा वर्षांत फाळके यांनी आपला धंदा उभा केला, तो विम्याच्या पॉलिसीवर, बायकोच्या दागिन्यांवर आणि सावकाराच्या कर्जावर. नव्या उद्योगाला सरकारी पाठबळ मिळाले तर काय उभे राहते आणि ते नसताना एका माणसाला काय सोसावे लागते, हे एकाच डोंगररांगेत शेजारी शेजारी दिसत होते.

नाशिकचा पहिला चित्रपट ‘मोहिनी भस्मासुर’ 1914 च्या सुरुवातीला मुंबईत प्रदर्शित झाला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. हिंदुस्थानी चित्रपटात स्त्रीपात्र करणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. त्या गोखल्यांच्या नाटक मंडळीतल्या होत्या. कमलाबाई गोखले यांच्या घराण्यात पुढे मुलगा चंद्रकांत आणि नातू विक्रम असे नामवंत नट झाले. या चित्रपटाबरोबर ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी चित्रपट जोडला होता. त्यापाठोपाठ ‘सत्यवान सावित्री’ आला.

‘राजा हरिश्चंद्र’, ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे तीन चित्रपट घेऊन फाळके 1914 मध्ये दुसऱ्यांदा लंडनला गेले. तिथल्या जाणकारांनी त्यांच्या तांत्रिक कामाची वाखाणणी केली. विलायतेतच राहून हिंदी विषयांवरचे चित्रपट काढावेत, असा प्रस्तावही आला. फाळके यांनी तो नाकारला, कारण हा धंदा हिंदुस्थानात रुजवणे हाच त्यांचा हेतू होता. इतक्यात महायुद्ध सुरू झाले. कच्ची फिल्म दुर्मीळ झाली, भांडवलदारांनी हात आखडता घेतला आणि नाशिकचा कारखाना थंडावला. लोकमान्य टिळकांसारख्या नेत्यांनी त्यांच्यासाठी भांडवल उभे करण्याची खटपट केली. औंध आणि इंदूर संस्थानांकडून कर्जाऊ मदत मिळाली. याच अडचणीच्या दिवसांत त्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा लघुपट केला. त्याचा जो तुकडा आज उपलब्ध आहे, त्यात नटांना शिकवणारे फाळके स्वतः दिसतात. सामान्य माणसाला धंद्याची आतली बाजू दाखवली तर भांडवल आणि माणसे दोन्ही मिळतील, हा त्यामागचा विचार होता. 1917-18 मध्ये ‘नवयुग’मध्ये लिहिलेल्या लेखमालेतही त्यांनी हेच केले.

1917 च्या ‘लंकादहन’ने त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. हनुमानाचे उड्डाण आणि जळती लंका पाहण्यासाठी गिरगावच्या वेस्ट एंड थिएटरात लोटलेल्या गर्दीच्या कथा अजून सांगितल्या जातात. तिकिटांची नाणी बैलगाडीतून पोत्यांनी न्यावी लागली, अशीही आठवण आहे. पडद्यावर राम दिसताच लोक हात जोडत. फाळके यांचा प्रेक्षक शहरातला बाबू नव्हता. कीर्तन, तमाशा आणि जत्रा यांत वाढलेला माणूस चार आणे खर्चून त्यांच्या चित्रपटाला येत होता.

हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी

‘लंकादहन’च्या यशामुळे भांडवलदार पुन्हा वळले. 1 जानेवारी 1918 रोजी ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी’ स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आणि इतर व्यापारी तिचे भागीदार होते. नाशिकमधला कारखाना आता नीट भांडवलाच्या पायावर उभा राहिला. ‘श्रीकृष्णजन्म’ 1918 मध्ये आला आणि पुढच्या वर्षी ‘कालियामर्दन’. दोन्ही चित्रपटांत कृष्ण झाली ती फाळके यांची लहानगी मुलगी मंदाकिनी.

‘कालियामर्दन’चा मोठा भाग आज पाहायला मिळतो. त्याची सुरुवात कथेने होत नाही. कॅमेऱ्यासमोर मंदाकिनीचा चेहरा येतो आणि ती एकेक भाव करून दाखवते. रुसणे, हसणे, आश्चर्य, राग, सगळे काही त्या छोट्या चेहऱ्यावर उमटते. मग त्याच मुलीचा कृष्ण होतो. वेशभूषा करण्याआधीच पोरीची अभिनयाची ताकद प्रेक्षकांपुढे ठेवण्याची ही रीत फाळके यांच्या शिक्षकी स्वभावातून आली असावी. पुढे गोकुळातल्या खोड्या येतात आणि शेवटी यमुनेच्या पाण्यात कालियाशी झुंज. पाण्याखालचा भास निर्माण केलेली ही झुंज त्या काळच्या साधनांनी केलेली आहे आणि आजही ती मन धरून ठेवते.

यश वाढत असतानाच कारभाराबद्दलचे वाद सुरू झाले. फाळके दादरच्या बंगल्यासारखेच इथेही काम करत. मनासारखे जमेपर्यंत प्रयोग, खर्चाची तमा नाही आणि सगळे निर्णय स्वतःचे. भागीदारांना ठरलेल्या मुदतीत ठरलेले चित्रपट हवे होते. दोन्ही बाजूंचे म्हणणे त्यांच्या जागी रास्त होते, पण ते एका छपराखाली नांदणे कठीण होते. फाळके कंपनीतून बाहेर पडले आणि 1919-20 च्या सुमारास सहकुटुंब काशीला गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले. त्यात त्या काळच्या नाटकधंद्यावर टीका होती. नाटक रंगमंचावर आले, पण चालले नाही.

इकडे नाशिकची कंपनी त्यांच्यावाचून अडली होती. ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकर यांनी वर्तमानपत्रातून त्यांना परत येण्याची जाहीर गळ घातली. 1922 मध्ये फाळके मासिक पगारावर निर्मितिप्रमुख म्हणून कंपनीत परतले. जी कंपनी त्यांच्या नावावर उभी राहिली, तिथेच ते पगारदार झाले. चित्रपट निघत राहिले, पण पूर्वीचे स्वातंत्र्य राहिले नाही. दरम्यान कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर 1920 मध्ये ‘सैरंध्री’ काढला होता आणि मुंबईत नव्या कंपन्या सामाजिक विषय घेऊन उतरत होत्या. फाळके यांनी घालून दिलेल्या वाटेने इतर जण त्यांच्या पुढे जाऊ लागले. 1927-28 मध्ये सरकारने नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीपुढे फाळके यांनीही साक्ष दिली. या धंद्याला शिकलेली माणसे हवीत, हा त्यांचा जुना आग्रह होता.

बोलपटांचा काळ

पुन्हा स्वतःच्या हिमतीवर मोठे काम करण्यासाठी फाळके यांनी ‘सेतुबंधन’ हाती घेतला. रामाच्या सेतूच्या या कथेसाठी ते हंपीपर्यंत गेले. पैसा अपुरा पडून काम लांबले आणि चित्रपट पूर्ण होईपर्यंत काळ बदलला. 14 मार्च 1931 रोजी मुंबईत ‘आलमआरा’ने पडदा बोलका केला. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून आला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. नाशिकची कंपनी बंद पडली.

1932 मध्ये प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट आणला. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम आणि विषय होता राजा हरिश्चंद्र. फाळके यांनी ज्या कथेने हिंदुस्थानी चित्रपट सुरू केला, तीच कथा पुढच्या पिढीने बोलत्या पडद्यासाठी निवडली. फाळके यांचा स्वतःचा बोलपट ‘गंगावतरण’ 1937 मध्ये आला. कोल्हापूर संस्थानच्या आश्रयाखालच्या ‘कोल्हापूर सिनेटोन’ने तो काढला, तेव्हा फाळके 67 वर्षांचे होते. आकाशातून उतरणारी गंगा आणि शंकराच्या जटा यांत त्यांची जुनी करामत होती, पण संवाद आणि गाण्यांची लय नव्या दिग्दर्शकांच्या हातात गेलेली होती. त्यानंतर त्यांना चित्रपट करता आला नाही.

1939 मध्ये मुंबईत भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला. त्या प्रसंगी शांताराम यांच्या पुढाकाराने फाळके यांना पाच हजारांची थैली देण्यात आली. तोपर्यंत हा धंदा कोट्यवधींचा झाला होता आणि ज्यांनी तो सुरू केला, ते नाशिकला ओढाताणीत दिवस काढत होते. दुसऱ्या महायुद्धात चित्रपटासाठी सरकारी परवाना लागे. फाळके यांनी अर्ज केला, पण परवानगी मिळाली नाही. त्यानंतर लवकरच, 16 फेब्रुवारी 1944 रोजी, नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

फाळके यांनी जवळपास दोन दशकांत 95 चित्रपट आणि 26 लघुपट केल्याचे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. त्यांतले फारच थोडे उरले आहेत. मूकपटांच्या काळात देशात तेराशेच्या आसपास चित्रपट झाले, त्यांपैकी काही डझनांचेच तुकडे आज हाती आहेत. नायट्रेटची फिल्म चटकन पेटणारी आणि काळाबरोबर कुजणारी होती. चांदी काढून घेण्यासाठी जुनी रिळे मोडीत घालण्याचीही पद्धत होती. पुण्यात 1964 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी नाशिकला जाऊन फाळके यांच्या कुटुंबाकडून रिळांचे तुकडे मिळवले. ‘कालियामर्दन’ची विस्कटलेली दृश्ये त्यांनी फाळके यांच्या टिपणांच्या आधारे क्रमाने लावली. फाळके यांनी प्रत्येक दृश्याची नोंद ठेवली होती, म्हणूनच हे शक्य झाले.

1969 पासून केंद्र सरकार त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार देते. पहिला पुरस्कार देविकाराणी यांना मिळाला. मुंबईतल्या गोरेगावच्या चित्रनगरीला फाळके यांचे नाव आहे आणि नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. परेश मोकाशी यांनी 2009 मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या मराठी चित्रपटात ‘राजा हरिश्चंद्र’च्या निर्मितीची कहाणी मांडली आणि फाळके नव्या पिढीच्या ओळखीचे झाले.

त्यांचा खरा वारसा कामाच्या रीतीत आहे. पुराणकथेला पडद्याची भाषा त्यांनी दिली आणि ती पुढे प्रभातच्या संतपटांपासून दूरचित्रवाणीवरच्या रामायण-महाभारतापर्यंत चालत आली. स्टुडिओच्या मंडपाबाहेर पडून वांगणीच्या रानात आणि नाशिकच्या घाटांवर चित्रण करण्याची त्यांची रीत आज सगळ्या धंद्याची झाली आहे. इगतपुरी आणि भंडारदऱ्याच्या डोंगरांत, धरणाच्या पाण्याकाठी चित्रपटांची पथके तंबू ठोकतात, तेव्हा स्थानिक लोकांना त्यात काही नवल वाटत नाही. तंत्रज्ञ देशातच घडले पाहिजेत, शिकवल्याशिवाय धंदा टिकत नाही आणि चित्रपट हा कारागिरीचा व्यवसाय आहे, या त्यांच्या म्हणण्याला पुढे चित्रपटशिक्षणाच्या संस्थांनी मूर्त रूप दिले.

घरगुती कारखान्याची मर्यादाही याच कारकिर्दीतून दिसते. एका माणसाच्या बुद्धीवर, एका बाईच्या कष्टांवर आणि कर्जाच्या पैशावर धंदा सुरू होऊ शकतो. तो टिकण्यासाठी स्थिर भांडवल, कारभाराची शिस्त आणि निर्मात्याचे स्वातंत्र्य यांचा मेळ बसावा लागतो. तो मेळ फाळके यांच्या हयातीत बसला नाही. प्रभातसारख्या कंपन्यांनी भागीदारांनाच कलावंत आणि कलावंतांनाच भागीदार करून तो काही काळ साधला. त्यांच्या मागे फाळके यांचा अनुभव उभा होता. या इतिहासात फाळके यांच्या नावाशेजारी सरस्वतीबाईंचे नाव यायला हवे. दादरच्या आणि नाशिकच्या कारखान्यात फिल्मच्या प्रत्येक फुटावर त्यांचा हात फिरलेला आहे.